तपासणीच्या दिवशीची पेशंट

रामलिंग मामा,

हे पत्र मी टपालात टाकणार न्हाई, म्हणून मनातलं लिहिते.

लातूरच्या आमच्या नर्सिंग कॉलेजच्या दवाखान्यात कधी पेशंटच नसतात. म्हणून सरकारी तपासणीच्या दिवशी प्राचार्य मॅडमनी आम्हा पोरींनाच खाटांवर झोपवलं. ‘विचारलं तर पोटात दुखतंय म्हणा,’ म्हणाल्या. तपासणी समितीत तुम्ही दिसलात आणि मला लई हायसं वाटलं. वाटलं, आता मामा हे सोंग उघडं पाडतील.

तुम्ही माझ्या खाटेजवळ आलात. मला ओळखलंत. आणि शांतपणे विचारलंत, ‘काय त्रास होतोय, बाई?’

बाई? मामा, तुमच्या खांद्यावर बसून मी उदगीरचा किल्ला पाहिलाय!

‘पोटदुखी हाय,’ मॅडमनीच सांगितलं. तुम्ही मान हलवून पुढं गेलात. मी ताडकन उठून ओरडले, ‘मामा, मी पेशंट न्हाई, मी इथं शिकते!’ तुमच्यासोबतच्या अधिकारी बाई थबकल्या आणि त्यांनी एकेका खाटेवरची चादर काढायला लावली. खाली सगळ्या कॉलेजच्या गणवेशातल्या पोरीच निघाल्या.

आता कॉलेजची मान्यता थांबलीय आणि तुम्ही निलंबित झालात. आई रोज रडते. ‘कोणत्या पोरीनं माझ्या भावावर किटाळ आणलं,’ म्हणून शिव्याशाप देते, आणि मी तिच्यासमोर बसून जेवते.

काल तिनं फोनवर तुम्हाला त्या पोरीचं नाव विचारलं. तुमचं उत्तर मलाही ऐकू आलं.

‘असंल कुणाची तरी लेक, अक्का. खरं तेच बोलली.’

मामा, त्या दिवशी खाटेपाशी हा माणूस कुठं होता?

तुमचीच भाची,
शिवकन्या