छत्रीची काडी

४ फेब्रुवारी, मंगळवार

उधव्याच्या चढाला गाडी मेली! पूर्ण नाही, अर्धवट. थरथर, आचके, समोर पिवळा दिवा लुकलुकतोय. मागे हौद्यात गादीवर धनेश आडवा, वर ताडपत्री. (घरात 'अहो', इथे धनेश. ही वही माझी आहे.)

तलासरी नाक्यावर मुकेशच्या गॅरेजपर्यंत तीन पायांच्या कुत्र्यासारखी आणली. त्याने ड्रायव्हरची सीट उचलली — इंजिन तिच्याखालीच. चार सिलिंडर, प्रत्येकाच्या डोक्यावर एक कॉइल, ती ठिणगी देते. दोन नंबरची मेलेली. बाहेर काढली तर खाली पाणी, चिकट. मुकेशने बोट लावून वास घेतला.

"भाभी, आ तो नारियेळनु पाणी! इंजिनात नारळ कोण फोडते?"

कोण म्हणजे! आमच्या घरी गाडीत नवं काही आलं की नारळ. नवा टायर — नारळ. नवी बॅटरी — नारळ. डिसेंबरात नवे प्लग बसवले, तेव्हा आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, सीट उचलायला लावली आणि थेट इंजिनावर धार धरली. प्लगांवरही देवाचं लक्ष हवं ना!

सातला वापीला डायलिसिससाठी पोचायचं होतं, पोचलो सव्वादहाला. चार तासांच्या जागी दोनच मिळाले. सिस्टर म्हणते, "मावशी, वेळ पाळा ना जरा." साडेचारला उठलेली बाई मी. धनेशची पावलं सुजलेलीच घरी आणली.

५ फेब्रुवारी

आईंना सांगितलं — नवी कॉइल आली आहे, पण या वेळी नारळ चाकापाशी फोडायचा.

"चाक कुठे नवीन आहे?" आई.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

गाडी नीट गेली, नीट आली. येताना धनेशला तीन उलट्या. डायलिसिसनंतर त्याला बसता येत नाही, म्हणून तर ही गाडी. भाड्याच्या जीपमध्ये बारा माणसांत कसा बसणार?

संध्याकाळी त्याने मला वाडीत गाडीपाशी बोलावलं. खुर्चीवर बसून शिकवलं, डायलिसिसच्या सुयांचा डावा हात मांडीवर जपून. एकेका कॉइलचा कनेक्टर काढत जायचं. जिचा काढल्यावर इंजिनाचा आवाज बदलत नाही, ती मेलेली. मग तिची शेजारणीशी अदलाबदल. "खोट कॉइलबरोबर सरकली तर कॉइल वाईट. जागच्या जागी राहिली तर कॉइल निर्दोष. मग वायर बघ." कनेक्टरच्या आतली पिन कशी सोडवतात तेही दाखवलं. हत्यार काय, तर छत्रीची काडी, बोटभर, टोक घासून चपटं केलेलं. पंचवीस वर्षं गावातल्या निम्म्या गाड्यांची वायरिंग त्याने त्या काडीवर केली.

त्याच्या हातून पिन पहिल्या झटक्यात सुटली. हसला. कित्येक दिवसांनी हसला.

९ फेब्रुवारी

चिकू उतरवले. कंबर गेली.

११ फेब्रुवारी, मंगळवार

साडेचारला उठले. पाणी तापवलं, त्याला अंघोळ, कपडे, गादी हौद्यात, तो हौद्यात. साठ किलोचा माणूस आता अठ्ठेचाळीसचा, तरी उचलताना माझा जीव जातो. वापीत चार तास बाकड्यावर. परत आलो दोनला. लगेच वाडीत, व्यापाऱ्याचा टेम्पो पाचला येणार होता. चिकूचा चीक हातांवर वाळलाय, राखेनेही निघत नाही. तशीच लिहायला बसले.

तीन वर्षं झाली. डॉक्टरांना मागे विचारलं, अजून किती? ते म्हणाले, जोपर्यंत आहेत तोपर्यंत. म्हणजे याला शेवट एकच. दर मंगळवारी, दर शुक्रवारी मी त्याला त्या शेवटापासून चार दिवस मागे ओढते, आणि तो पुन्हा तिथेच जाऊन उभा. मी थकले. कोणाला सांगू? आईंना? त्यांचा मुलगा आहे तो.

आज येताना धामणगावापाशी इंजिन जरासं अडखळलं आणि मला — लिहूनच टाकते — बरं वाटलं! वाटलं, एकदाची बंद पडू दे ही गाडी. कायमची. म्हणजे मला कोणी म्हणणार नाही की तू थांबलीस. मला झोपायचंय. सुटका हवीय मला

पान संपलं. उलटून लिहिते.

नाही. काय लिहिलं मी हे! तो जाऊन मी झोपणार आहे का? कोणासाठी उठणार मग साडेचारला? शुक्रवारी पिन सुटल्यावर हसला, तेवढ्यावर मी चार दिवस काढले. गाडी चालू राहू दे, देवा. मी थकले म्हणून तो नकोसा झालेला नाही. नाही झालेला.

१२ फेब्रुवारी

कालचं पान चिकाने पुढच्याला घट्ट चिकटलं. ओढलं तर फाटेल. राहू दे. पुढे लिहिते. वही रिपोर्टांच्या पिशवीतच ठेवते. त्या पिशवीकडे धनेश ढुंकून बघत नाही आणि आईंना चष्म्याशिवाय दिसत नाही.

आज सकाळी धनेश बराच वेळ गाडीत जाऊन बसला होता. कोवळं ऊन खायला, म्हणाला. बसू दे. जुनी सवय.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

गाडी आचके देत फाटकापर्यंत गेली आणि बंद; सेल्फ मारला की चालू होई, पण जागची हलेना. पहाटे पाचला, टॉर्च हातात घेऊन मी सीट उचलली. कनेक्टर काढून बघितले — एक नंबरचा काढला, आवाज पडला. चार नंबरचा काढला, पडला. दोन आणि तीन काढले, काही फरक नाही. एक नाही, दोन मेलेल्या!

आई पायरीवर उभ्या होत्या. आणि मी तोंड सोडलं. "घातलंत ना पुन्हा पाणी? मुलाला मारायचंय का तुम्हाला नारळाने?" आई पदर तोंडाला लावून आत गेल्या.

सुनिलची व्हॅन शेजारीच असते, तर ती आजच लग्नाचं वऱ्हाड घेऊन जव्हारला. मुकेशही मेहुण्याच्या लग्नात, परत येणार रविवारी. म्हटलं, जीपने जाऊ. धनेश म्हणाला, "कोंबून नाही जाणार मी. एका वेळेने काय होतंय?" वापीला फोन केला. म्हणाले, आजची वेळ गेली तर आता सोमवारी दुपारी या.

मी हट्ट धरायला हवा होता. धरला नाही. आत जाऊन आडवी झाले, ती नऊला उठले.

१५ फेब्रुवारी

सुनिलच्या पोराने डहाणूहून दोन कॉइल आणल्या. बसवल्या. प्लगांच्या खड्ड्यांत बोट घालून बघितलं — कोरडे. अगदी कोरडे! गाडी तशीच, दोन आणि तीन मेलेले. एक आणि चारच्या चांगल्या कॉइल तिथे लावल्या. तरी दोन आणि तीनच मेलेले.

खोट जागच्या जागी. मग आईंना मी बोलले ते?

गेले त्यांच्याकडे. डोळे पुसत तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "अगं, मी त्या दिवसापासून नारळ घरात आणलाच नाही."

१६ फेब्रुवारी

धनेशचे पाय पोटरीपर्यंत सुजले. बोट दाबलं की खळगा राहतो. मुकेश आला नाही. लग्न लांबलं म्हणे.

१७ फेब्रुवारी, सोमवार

वायर बघायची राहिली होती. दोन नंबरचा कनेक्टर उजेडात धरला. बाहेरून ठीक. आत एक पिन मागे सरकलेली, कॉइलला टेकतच नव्हती. तीन नंबरचा बघितला. तिथेही तीच पिन, तेवढीच मागे. एक निसटेल आपोआप. दोन नाही निसटत! पिना धरून ठेवणारे दोन्ही लॉक उचलून सफाईने सोडवलेले. कुठे ओरखडा नाही.

हत्यारांची पेटी उघडली. छत्रीची काडी नाही.

मी तिथेच हौद्याला टेकून बसले. या गावात हे काम येणारी माणसं दोन. एक मी, दहा दिवसांची शिकाऊ.

केसातल्या आकड्याने पिना पुढे ढकलल्या, लॉक दाबले. पहिल्या सेल्फला चालू, चारही सिलिंडर एकसारखे. तोवर त्याला धाप लागलेली. बोलता येत नव्हतं नीट. मागे आडवं होववेना, म्हणून पुढे शेजारी बसवला. उशा लावून. आई मागे चढल्या, न विचारता.

तलासरी गेल्यावर तोच म्हणाला, "सापडल्या?"

"सापडल्या."

"नीट बसवल्यास." मग श्वास गोळा करून, "शुक्रवारी नऊपर्यंत झोपलीस. किती वर्षांनी."

का केलंत असं, विचारायचं होतं. मरायचं होतं तर मला का सांगितलं नाही? चिडले होते, खरंच फार चिडले होते. अच्छाडचा नाका आला, ट्रकांची रांग होती. गाडी चालवायची होती. नाही विचारलं.

१८ फेब्रुवारी

आयसीयूत. फुप्फुसांत पाणी. डॉक्टर म्हणाले, शुक्रवारी आणलं असतं तर. आईंनी माझा हात धरून ठेवलाय. मी त्यांना पिनांचं काही सांगितलं नाही.

१९ फेब्रुवारी

धनेश डोळे उघडत नाही.

रिपोर्ट मागितले म्हणून पिशवी उपसली, वही खाली पडली. अकरा तारखेच्या पानावर, शिवणीत रुतवलेली, छत्रीची काडी. म्हणून इतके दिवस दिसली नाही. 'सुटका हवीय मला' या ओळीपाशी तिचं टोक.

ते पान मागून पुढच्याला अजून चिकाने चिकटलेलं. आत्ता मी ते नखाने सोडवलं. त्याने उलटलंच नव्हतं.