चौदा खांबांचं घर

डोंबिवली (पूर्व)
२४ मार्च

प्रिय विनिता,

घर उभं राहिलं! म्हणजे अजून भिंत नाही, छप्पर नाही, पायरीसुद्धा नाही, पण चौदा खांब उभे आहेत, त्यांच्यावर तुळया बसल्यात आणि त्यांच्यातून आरपार काळू नदी दिसते. परवा रविवारी संध्याकाळी पाचच्या सुमाराला शेवटची खुंटी ठोकली. कुणी ठोकली असेल, सांग बघू? मी! एकसष्ट वर्षांची तुझी वहिनी, ओढणी कमरेला बांधून, डोक्यावर पिवळं हेल्मेट घालून, शिडीच्या सातव्या पायरीवर. खाली मैथिली ओरडत होती, "आई, पुरे, उतर आता," आणि मी ऐकतच नव्हते. आठवडाभराची रजा काढून ती बंगलोरहून मुद्दाम आली होती. तिच्या फोनमध्ये ढीगभर फोटो आहेत, पण तुला हे सगळं फोटोतून कळायला नको होतं मला. आणि फोनवर तुझा आवाज ऐकला की आपण दोघी चिपळूणच्या उकाड्यावरून तुझ्या गुडघ्यावर घसरतो आणि माझं सांगायचं ते राहूनच जातं. यावेळी राहून चालणार नाही. म्हणून वही फाडून कागद काढलेत, चांगले सहा-सात.

तुला ती जागा आठवतेच. नव्याण्णव साली तुझ्या दादानं टिटवाळ्याच्या अलीकडे ते चार गुंठे घेतले तेव्हा आपण सगळे ताडपत्री टाकून तिथे जेवलो होतो. तू म्हणाली होतीस, दादा, इथे मगर आहे का रे? आणि तो गंभीरपणे म्हणाला होता, अजून घेतलेली नाही. पुढे दोन हजार पाचला पाणी चढलं आणि खालच्या अर्ध्या जागेत कमरेइतका चिखल साचला. त्यानंतरही त्याचा दुमजली बंगल्याचा नकाशा काही वहीतून गेला नाही. दरवर्षी त्यात एक खोली वाढायची. तो गेल्यावर सात वर्षं मी तिकडे फिरकले नाही. मागच्या वर्षी ठरवलं, विकून टाकू या. एक गिऱ्हाईकही आलं होतं. चांगला माणूस होता बिचारा. पण तो बांबूने मोजमाप करत फिरत होता तेव्हा मी नदीकडे तोंड करून दगडावर बसले आणि माझ्या लक्षात आलं, की गेल्या सात वर्षांत मी कुठेही इतकी निवांत बसले नव्हते. मी उठून त्याला म्हटलं, माफ करा, मला विकायची नाही. तो म्हणाला, मॅडम, एवढ्या लांब बोलावलंत कशाला? मी त्याला टिटवाळ्याला नेऊन मिसळ खिलवली आणि परत पाठवलं.

लाकडाचं घर ही कल्पना माझी नाही. मैथिलीची शाळेतली मैत्रीण समृद्धी, ती दोन वेण्यांची, आता इंजिनीअर आहे. घोडबंदर रोडला तिचं ऑफिस, चाळीस-चाळीस मजल्यांची कामं करते. ती एका शनिवारी आली, जमिनीत गज खुपसून पाहिला आणि म्हणाली, काकू, वरचा भाग पूररेषेच्या वर आहे, परवानगी मिळेल, पण माती नदीनं आणून टाकलेली, भुसभुशीत. सिमेंटचं जड घर इथे खचेल, नाहीतर पाया खोल नेण्यातच सगळा पैसा जाईल. हलकं करा. चार फूट उंच ठोकळ्यांवर लाकडी सांगाडा उभा करा, पाणी आलंच तर खालून जाईल. मी म्हटलं, कोण करतं हल्ली असं? ती म्हणाली, ते शोधायचं काम तुमचं.

आणि मी शोधायला निघाले! आठ सुतार पाहिले गं. सगळे प्लायवूडचे. किचनच्या ट्रॉल्या-कपाटं म्हणाल तर उद्या करून देतील, पण सांगाडा म्हटलं की नटबोल्ट आणि लोखंडी पट्ट्या. शेवटी कल्याणला हितेशभाईंच्या वखारीत गेले. पाडलेल्या जुन्या इमारतींचा साग असतो त्यांच्याकडे, शंभर वर्षांचा, हात लावला की थंडगार. ते म्हणाले, ताई, असं काम करणारा एकच माणूस मला माहीत आहे आणि तो घरं बांधत नाही. डोंबिवलीत मोठागावच्या खाडीवर होड्या बांधायचा. आता सगळ्यांना फायबरच्या होड्या हव्यात, म्हणून डागडुजी करतो. कान्हा त्यांचं नाव.

मी गेले तेव्हा ते एका उलट्या होडीखाली झोपून काहीतरी ठोकत होते. फक्त पाय दिसत होते. मी त्या पायांनाच सगळं सांगितलं. बराच वेळ ठकठक थांबली नाही. मग आतून आवाज आला, "मना घराचा काय कलत नाय, बाय. मी होरीवाला." मी परत फिरणार, एवढ्यात बाहेर आले, भुसा झटकला, समृद्धीचा नकाशा उलटा-सुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "पन लाकराचा कलतं." एवढंच. दुसऱ्या दिवशी ते हितेशभाईंच्या वखारीत प्रत्येक ओंडक्याला कान लावून मोगरीनं ठोकत फिरत होते आणि मी मागोमाग.

गणपतीनंतर काम सुरू झालं. विनिता, काय सांगू तुला! एकही खिळा नाही. खांबाला खाच पाडायची, तुळईच्या टोकाला कुसू कोरायचा, म्हणजे त्या खाचेत जाऊन बसणारी जीभ, आणि दोन्हींतून आरपार बाभळीची खुंटी. सगळं त्यांच्या खाडीवरच्या शेडमध्ये कापून ठेवायचं आणि मग नदीवर नेऊन जुळवायचं. आधी मी सोमवारी जायची. मग सोमवारी आणि गुरुवारी. दिवाळीनंतर रोजच, डबा घेऊन. डबा दोघांचा, कारण हा माणूस दुपारी चहा-खारीवर राहायचा. बायको जाऊन बारा वर्षं झालीत, मूलबाळ नाही, पुतण्या जयेश आणि त्याची बायको शेजारीच राहतात, पण कामाला लागले की यांना हाक मारलेली ऐकू येत नाही. एक दिवस त्यांनी माझ्या हातात पटाशी दिली. मी घाबरले. तीस वर्षं शाळेच्या ऑफिसात फॉर्म भरून घेतलेले हे हात! पण आठ दिवसांत मला खाच पाडता यायला लागली. नवव्या दिवशी मी एका तुळईचा कुसू रेघेच्या चुकीच्या बाजूला कापला. अख्खी तुळई वाया. मला रडूच फुटलं. त्यांनी ती तुळई उचलून उन्हात धरली, टोकापासून हातभर मोजली आणि म्हणाले, "यो तुमच्या ओटीला लागंल." आणि खरंच, ओटीच्या पुढची आडवी तीच आहे. येशील तेव्हा दाखवीन.

तू मनात म्हणत असशील, वहिनी घरापेक्षा सुताराबद्दलच जास्त लिहितेय. थांब जरा. मीही हे वाचून आत्ता तेच म्हटलं. पण लिहिलेलं खोडायचं नाही असं ठरवून बसले आहे.

जानेवारीत सांगाडा नदीवर नेला. दोन खांब आणि एक तुळई अशी एक चौकट, अशा सात चौकटी. जमिनीवर जुळवायच्या आणि चेनपुलीनं उभ्या करायच्या. पहिल्या रविवारी तीन चौकटी उभ्या राहिल्या, टाळ्या वाजवल्या आम्ही. चौथीच्या वेळी दोर सटकला. चौकट हातभर खाली आली आणि कान्हांचा डावा हात तुळई आणि ठोकळ्याच्या मध्ये सापडला. ओरडले नाहीत गं ते. फक्त "हात" म्हणाले. जयेशनं आणि त्याच्या माणसांनी पहारीनं तुळई उचलली. मी माझी ओढणी गुंडाळली आणि लाकडाच्या टेम्पोतूनच त्यांना कल्याणला एका हॉस्पिटलात नेलं. जयेश टेम्पो चालवत होता. वाटेत त्यांना शुद्ध होती, पण चेहरा मेणासारखा झाला होता, आणि ते मलाच विचारत होते, चौथी चौकट सरळ ठेवलीत ना, वाकडं पडून राहिलं की लाकूड पिळतं. मी म्हटलं, गप्प बसा. इतक्या जोरात मी कुणावर ओरडले नव्हते, मैथिलीवरसुद्धा नाही.

जयेश गाडी लावायला गेला. काउंटरवरच्या मुलीनं माझ्यासमोर फॉर्म सरकवला. नाव, वय, पत्ता, सगळं भरलं. मग रकाना आला : रुग्णाशी नातं. विनिता, त्या एका रकान्यासाठी मी आयुष्यभर पालकांना परत पाठवलं आहे. नीट भरून आणा, मोकळं सोडू नका. आणि तिथे मी स्वतः पेन धरून उभी. "मालकीण" लिहू? "ओळखीची"? मुलगी म्हणाली, मॅडम, लवकर, आत घ्यायचंय. मी लिहिलं, "घरचे". अक्षर वाकडं आलं. पण लिहून झाल्यावर मला हलकं वाटलं, आणि त्या हलकं वाटण्याचीच मला भीती वाटली. ऑपरेशन चालू होतं तोवर बाकावर बसून मी तुझ्या दादाशी भांडले. मनातल्या मनात. तो असता तर लाकडाला नाहीच म्हणाला असता. दिवसभर कान्हांशी वाद घातला असता, सिमेंट किती चांगलं ते पटवलं असतं, आणि संध्याकाळी दोघे चहा पीत बसले असते. मला त्याचा एकदाही राग दिसला नाही गं. खूप शोधला, तरी.

करंगळीचं पेर गेलं. बाकी हात वाचला. तिसऱ्या दिवशी औषधांची गुंगी पूर्ण उतरल्यावर म्हणाले, "बोटा धा व्हती, साडेनव रायली. बास हाईत." फाइल उशाशीच होती. चष्मा लावून त्यांनी ती पहिल्या पानापासून वाचली, मी सफरचंद कापत होते. बराच वेळ एकाच पानावर थांबले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "घरचे म्हंजे कोन? घर तं अजून उभा बी रायला नाय." मी म्हटलं, मग बरे व्हा आणि उभं करा.  सफरचंद मात्र मी एवढं बारीक चिरलं की त्याचा कीस झाला.

पुढचे दोन महिने ते हात गळ्यात अडकवून खुर्चीत बसले आणि तोंडानं काम केलं. मी, जयेश आणि त्याची दोन माणसं. समृद्धी शनिवारी येऊन ओळंबा लावून बघायची आणि म्हणायची, काकू, माझ्या साइटवर नोकरी करता का? चौथी, पाचवी, सहावी, आणि परवा सातवी. शेवटची खुंटी ठोकून मी खाली उतरले तेव्हा नदीवरून वारा येत होता आणि अख्खा सांगाडा बारीकसा कुरकुरत होता. मी घाबरून पाहिलं तर ते हसत होते. म्हणाले, बसतंय, आपापली जागा धरतंय.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. मी आणि कान्हा लग्न करतोय. ठाण्याच्या विवाह नोंदणी कार्यालयात नोटीस दिली आहे, २४ एप्रिल, शुक्रवार, सकाळी साडेअकरा. तीन साक्षीदार लागतात. एक मैथिली, ती कधीपासून माझ्या मागे लागलीय, म्हणते, "आई, बाकी सगळ्यांना मी सांगते, आत्याला तू सांग." दुसरा जयेश. तिसरी जागा मी कुणालाच विचारलेली नाही. मी या घरात आले तेव्हा तू अकरा वर्षांची होतीस. रोज सकाळी कंगवा घेऊन माझ्यापुढे येऊन बसायचीस, आणि सासर म्हणजे काय याची मला भीती वाटायचीच राहून गेली ती तुझ्यामुळे. त्याच्या बदल्यात सही मागतेय असं नाही. तू आली नाहीस तरी मी लग्न करणार आहे, हे तुला नंतर कळायला नको म्हणून आधीच लिहिते. पण ती जागा दुसऱ्या कुणाच्या नावानं भरायला माझा हात धजत नाही. लगेच फोन करू नकोस. चार दिवस घे, रडायचं असेल तर रड, माझ्यावर चिड. मग काय ते कळव. आणि खाली सही करताना मघापासून अडले आहे, की "वहिनी" लिहू का नको. हे मी ठरवणार नाही. तू मला यापुढे काय हाक मारशील, ते तू ठरव.

तुझीच,
कलावती