आठ तासांची सलग झोप

नोलीन,

कुणाचाही विश्वास बसणार नाही, पण डॉक्टरांनी मला ट्रक चालवायला पास केलं! झोपेत श्वास अडकतो म्हणून ते मास्कचं यंत्र माझ्या गळ्यात मारलं होतं ना, त्यातली नोंद त्यांनी पाहिली. महिनाभर रोज आठ तास, आणि श्वास एकदाही अडकलेला नाही! म्हणाले, "मर्व, एकाहत्तराव्या वर्षी असली फुप्फुसं मी घोड्याचीसुद्धा पाहिली नाहीत."

दाखला फ्रिजवर लावलाय. तुझ्या बहिणीला मुद्दाम दाखव, फार बोलत होती. आणि मार्चमध्ये ट्रक कुंपणात घुसला तो डुलकी लागून नव्हे. कांगारू आडवा आला होता, चांगला गाईएवढा.

क्लोनकरीहून तीन ट्रेलर गुरं न्यायची आहेत. यार्डात टायर बघतोय, दुपारी निघणार. अडवायला येऊ नकोस, मी ऐकणार नाही. कुत्र्याला, बिस्किटला, हाडं घातलीत.

मर्व

खाली नोलीनच्या अक्षरात:

मर्व, मास्क धुवायला घेतला तर आत तांबडे केस निघाले. तुझ्या डोक्यावर वीस वर्षांत एक केस नाही. भिंतीपलीकडचं घोरणं बिस्किटचं म्हणून महिनाभर मला सांगत होतास, आणि मास्क लावून गाढ झोपत होता तो बिस्किट! दवाखान्यात फोन केलाय. चाव्या माझ्या खिशात आहेत. डॉक्टरांनी पास केलंय ते कुत्र्याला, तेव्हा गुरं त्यालाच नेऊ दे.