साऱ्या पुण्याची आजी

१४ डिसेंबर २०२४, शनिवार

आज मी अडाणी झाले!

अमोलनं मुक्कामाच्या खोल्या देणाऱ्या ॲपवर आमच्या मळ्याचं पान चढवलं आणि मोबाइल माझ्यापुढे धरला. वाच आई, म्हणे. वाचलं. ‘वच्छलाआजी, वय बहात्तर. कधी शाळेची पायरी चढल्या नाहीत, पण त्यांच्या हातच्या भाकरीत साऱ्या जगाचं शहाणपण आहे.’

माझं वय एकसष्ट. तेहेतीस वर्षं सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स. जन्म अकोल्याचा, जठारपेठेतला. लग्नानंतर सगळं आयुष्य अमरावतीत, राजापेठेत. नांदगाव खंडेश्वरच्या या मळ्यात माझे यजमान शेषराव होते तोवर रविवारची यायची, संत्र्याची झाडं पाहायची आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. भाकर येते, पण गॅसवर, आणि तीही कडेला फाटते. चुलीवर कधी केली नाही.

विचारलं, ही कोण बाई? तर म्हणे पुण्याच्या लोकांना स्टोरी लागते. नर्स काय, त्यांच्या शहरातही असते.

नातू नाही, नात नाही. साऱ्या पुण्याची आजी मात्र झाले.

१६ डिसेंबर

नऊवारी आली. आकांक्षा अमरावतीहून घेऊन आली — माझी सून. हिरवी, जाड काठाची. नेसवताना सात पिना लावल्या. मी शेवटची नऊवारी पाहिली ती माझ्या आजीच्या अंगावर.

मग कुंकू. शेषराव गेले तेव्हा मी टिकली काढली नाही, तर नात्यातल्या बायांनी नाकं मुरडली होती. आता लेकाच्या धंद्यासाठी रुपयाएवढं कुंकू! मोठं असलं की फोटोत बरं दिसतं म्हणे. आकांक्षानं बोटानं गोल नीट केला, दोन पावलं मागं सरकून पाहिलं. डायरेक्टरीण.

मार्चमध्ये पुण्यातली नोकरी गेली तेव्हापासून अमोलचा चेहरा उतरलेला होता. पाहुण्यांसाठी या दोन खोल्या बांधायला लागला तेव्हा जरा हसू लागला. म्हणून आले मी, राजापेठेतलं घर किरायानं देऊन. महिनाभर चल म्हणाला होता. नऊवारीचं बोलला नव्हता.

१८ डिसेंबर

दोन्ही चुली गंगूबाईनं घातल्या. ही आमच्या गड्याची, पुंजारामची बायको. दोघं मळ्यातच राहतात. गंगूबाईची भाकर अशी फुगते की पाहत राहावं. पण ती मॅक्सीवर टॉवेल घेऊन वावरते, आणि अमोलच्या मते ते ‘गावाकडचं’ दिसत नाही. गावात जन्मली, गावात लग्न झालं, गावाबाहेर कधी राहिली नाही — आणि ती गावाकडची दिसत नाही!

तेव्हा असं ठरलं. टिनाच्या आडोशामागच्या चुलीवर गंगूबाई भाकरी करणार. पुढच्या चुलीशी मी बसणार, हातात कालवलेल्या पिठाचा गोळा घेऊन. भाकर तिची, फोटो माझा.

गंगूबाई हसून हसून बेजार. “सिस्टरबाई, तुमी तवा तरी सरळ धरा.”

२२ डिसेंबर, रविवार

पहिले पाहुणे गेले. सहा जण, पुण्याचे. वांग्याचं भरीत, ठेचा, बेसनाच्या पातोडीचा रस्सा, सकाळी शेकोटीवर हुरडा. खाल्लं मात्र मनापासून.

मी पाहुण्यांशी आपोआप दवाखान्यातलं मराठी बोलते — बसा, दुखतं का, पाणी देऊ का. अमोलनं बाजूला घेऊन सांगितलं, ‘मला’ नको म्हणू, ‘मले’ म्हण. घरात आम्ही मलेच म्हणतो. हा पोरगा इंग्रजी शाळेत होता तेव्हा याच ‘मले’साठी माझ्यावर चिडायचा, मित्रांच्या आयांसमोर बोलू नको म्हणायचा.

एका बाईनं विचारलं, आजी, तुम्ही कधी रेल्वेत बसलात का? मी दोनदा दिल्लीला गेले आहे, ट्रेनिंगला. म्हटलं, “नाही वं माय. भेव लागते.” ती इतकी खूश झाली की तिनं माझा गालगुच्चा घेतला. अमोलनं लांबून अंगठा दाखवला.

खोटं इतकं सोपं येतं मला, माहीत नव्हतं. वाईट वाटायला हवं होतं. थोडी मजाच आली.

२९ डिसेंबर

धुरानं डोळे सुजले. दुपारी पाहुणे फिरायला गेले तेव्हा मागच्या स्वैपाकघरात गॅसवर चहा केला. चोरून. आपल्याच शेतात.

५ जानेवारी २०२५

अमोलनं अकोल्यात दोन दिवसांचा क्लास केला — पाहुण्यांची सरबराई कशी करावी. येताना अकरा नियम छापून आणले, ते फ्रिजवर चिकटवले. चांगला यजमान पाहुण्याला नावानं हाक मारतो. चांगला यजमान पाहुण्याला ‘अनुभव’ देतो. हा सातवा. त्याच्याखाली दोन रेघा.

मी आयुष्यभर पाहुणेच सांभाळले. न बोलावता आलेले, कण्हत आलेले, रोज वॉर्डभर. पाणी उशाशी आहे का पाहायचं. चादर कोरडी आहे का पाहायचं. घंटा हाताशी ठेवायची आणि मग तिथून जायचं! माणसाला सतत कोणी निरखत असेल तर ते बरं होत नाही, झोपतही नाही. हे बाराव्या नंबरला लिही म्हटलं. हसला.

आकांक्षा आता डोक्यावर पदर घेऊन वावरते. एम.फार्म. झालेली पोरगी, पुण्यात औषधाच्या कंपनीत होती. पाहुण्यांपुढं मान खाली घालून “अहोंना विचारते” म्हणते. घरात अमोलला अम्या म्हणते. मला वाटतं, सगळं डोकं हिचंच. अमोलला एवढं सुचणार नाही.

११ जानेवारी, शनिवार

आज पंजाबराव आले, लेकीबरोबर. वय पंचाहत्तरच्या घरात, मूळ दर्यापूरकडचे, आता पुण्यात या लेकीकडे, गीतांजलीकडे राहतात. तिनं त्यांच्यासाठीच खोली घेतली — बाबांना आपल्याकडची चव पुन्हा मिळावी म्हणून. माझ्याशी फार गोड बोलली, जरा मोठ्यानं आणि सावकाश, बहिऱ्याशी बोलावं तसं.

दुसऱ्या खोलीत नागपूरचं एक कुटुंब आहे. त्यांच्या हातात सदानकदा कॅमेरा.

संध्याकाळी पंजाबरावांचा पलंग लावत होते. ते दारातून पाहत होते. म्हणाले, “चादरीचे कोपरे असे दुमडणं कोणं शिकवलं तुमाले?” मी हात आखडला. मी ते हसण्यावारी नेलं आणि बाहेर आले. अमोल अंगणातच होता.

१२ जानेवारी, रविवार

आजचं आजच लिहून ठेवते.

जेवण साडेबाराचं सांगितलं होतं. पंजाबराव इन्शुलिन घेतात. सव्वाबाराला त्यांनी सुई घेतली, वेळेवर, शिस्तीनं. आणि एकही चूल पेटेना. लाकडं दवानं ओली. गंगूबाई आडोशामागं फुंकून राहिली, मी पुढं फुंकून राहिले, नागपूरवाले शूटिंग करून राहिले. एक वाजला. दीड वाजला. मागं गॅसवर कढी आणि भात तयार होता! मी अमोलला म्हटलं, वाढून दे निदान म्हाताऱ्या माणसाला. तो म्हणाला, “पाच मिनिटं, आई. लोक चुलीसाठीच आले ना.”

दोन वाजायला आले तेव्हा निंबाखालच्या बाजेवर पंजाबराव शर्टाची बटणं काढून पुन्हा लावत होते. काढत होते, लावत होते. गीतांजलीला तिच्या आईच्या नावानं हाक मारली. जानेवारीत शर्ट घामानं ओला. मला चुलीपासूनच कळलं.

साखरपाणी करून धावले. नऊवारीत धावता येत नाही, हेही आज कळलं. कप त्यांच्या ओठाशी नेला तर गीतांजलीनं माझा हात झटकला. अर्धं सांडलं.

“आजी, प्लीज! त्यांना डायबेटिस आहे. साखर काय पाजताय? तुमचे घरगुती उपाय नकोत.”

मी सांगितलं, बाई, साखर उतरली आहे त्यांची, आता हेच पाहिजे. ती ऐकेना. गाडी काढते, अमरावतीला नेते, हेच चालू. अमरावती म्हणजे तासाभराचा रस्ता. तेवढा वेळ नव्हता. पण तिची काय चूक? शाळा न पाहिलेल्या म्हातारीच्या हाती बाप कोण देईल? मी तरी दिला असता का?

मी अमोलकडे पाहिलं. एक वाक्य पाहिजे होतं, फक्त एक. तो मोबाइल धरून उभा होता. त्यानं नागपूरवाल्यांच्या कॅमेऱ्याकडे पाहिलं. मग जमिनीकडे.

माझ्या पोटच्या पोरानं जमिनीकडे पाहिलं.

तेवढ्यात मागून आकांक्षा आली. पदर खांद्यावर. आवाज अजिबात चढवला नाही.

“त्या नर्स आहेत. तेहेतीस वर्षं सरकारी दवाखान्यात होत्या. पानावर लिहिलेलं खोटं आहे. त्यांचं ऐका.”

गीतांजलीनं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. बाजूला सरकली.

पंजाबराव शुद्धीवर होते, गिळत होते. घोट घोट पाजलं. दुसरा कप आकांक्षानंच आणून दिला. दहा-बारा मिनिटांत डोळ्यांत ओळख आली. मग कढी-भात — गॅसवरचा. पोटात अन्न गेल्यावर म्हटलं, आता न्या अमरावतीला, एकदा तपासून घ्या.

गाडीत बसताना त्यांनी माझा हात धरला. “चादर पाहूनच समजलो होतो, सिस्टर. तुमी काहून बोलल्या नाहीत?”

मी गाडीचं दार लावलं.

१३ जानेवारी

गीतांजलीचा फोन आला, बाबा ठीक आहेत. एवढंच बोलली. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

अमोल सकाळी चहाला बसला. नजर कपात. म्हणाला, आई, तुझ्यामुळे वाचलो. वाचलो! म्हणजे हा.

आकांक्षा आणि तो बोलत नाहीत. दोघांची ताटं वेगळ्या वेळेला होतात.

१५ जानेवारी

पानावर नवीन ओळ. ‘आजीच्या बटव्यातल्या उपायानं पाहुण्याचे प्राण वाचले!’

डोळे चोळून पुन्हा वाचलं. बटवा. हा शब्द अमोलचा नाही, त्याला बटवा म्हणजे काय ते माहीत नसेल. सूनबाई त्या दिवशी एकदा खरं बोलल्या आणि लगेच कामाला लागल्या तर!

अमोलला विचारलं. तो म्हणाला, तूच वाचवलं ना? मग खोटं काय? फक्त भाषा वेगळी आहे.

म्हटलं, “अमोल, त्या पोरीनं माझा हात झटकला तो तुझ्या भाषेनं. तिचा बाप गेला असता.”

त्यानं मोबाइल उलटा ठेवला. मग म्हणाला, “आई, पुण्यात आता मले कोण विचारते? इथंही नाही जमलं तर कुठं जाऊ?”

माझाच पोरगा. लहानपणी खोटं बोलला की कान लाल व्हायचे, आजही झाले होते. पण ती ओळ काढतो, असं काही बोलला नाही.

१९ जानेवारी, रविवार

निघाले. नऊवारी घडी करून खुर्चीवर ठेवली, पिना डबीत मोजून. अमोलला सांगितलं, महिना म्हणाला होतास, महिना झाला. तो पाहुण्यांच्या गाडीला जागा करून देत होता. “सोडायला येऊ का,” म्हणाला. नको म्हटलं.

गंगूबाईनं भाकरी बांधून दिल्या. आकांक्षा फाटकाशी उभी होती. थांबा म्हणाली नाही. पाया पडली, तेही पदर न घेता. मनात म्हटलं, सुटली बाई माझ्या तावडीतून, आता मोकळं रान.

३ फेब्रुवारी, सोमवार

अकोला. राजापेठेतल्या घरात किरायेदार आहेत, तेव्हा इथंच आले. माझ्या बॅचची पार्वता इथं एका नर्सिंग होममध्ये आहे. तिनं शब्द टाकला. सकाळची पाळी मिळाली. पांढरा कोट घातला आणि पाठ आपोआप सरळ झाली.

खोली जठारपेठेतच. घरमालकिणीनं किल्ली दिली, नळ कधी येतो ते सांगितलं आणि ती गेली. अनुभव वगैरे काही दिला नाही. अकरा नियम वाचलेली दिसत नाही. आठ तास झोपले.

अमोलचा फोन. पाहुणे आजी कुठं विचारतात म्हणे. गंगूबाईला विचारून पाहिलं, तर ती म्हणाली, भाकरी करीन, सोंग नाही करत. म्हणून आता आकांक्षा चुलीपुढं बसते. मी पान उघडून पाहिलं. ‘आकांक्षावहिनी, सोळाव्या वर्षी लग्न होऊन या मळ्यात आल्या.’ हिचं लग्न एकोणतिसाव्या वर्षी झालं, कोर्टात, साक्षीदार म्हणून सही मी केली.

हसू आलं. घे म्हटलं. सात पिना लाव आता स्वतःला.

९ फेब्रुवारी, रविवार

दुपारी दार वाजलं. आकांक्षा. एक बॅग, डोळे धुरानं लाल.

उंबऱ्याबाहेरच उभी राहून बोलली. “आई, त्या पानावरचं एक अक्षरही माझं नाही. मी रोज त्याले काढ म्हणत होते. तुमाले वाटत होतं मीच लिहिते, ते मले माहीत होतं.”

आत घेतलं. भात टाकला. दोन घास खाल्ले आणि बसल्या जागी झोपली.

किती दिवसांसाठी आली, विचारलं नाही.