नमुना अपुरा

प्रिय ताई,

तुला नमस्कार, पण आज रागातच लिहितेय. मी इथे बरी आहे. तुझं काय? मानेत गाठ आलीय हे तू इतके महिने लपवलंस. काल भाऊजी फोनवर सहज बोलून गेले. वर म्हणाले, “तपासणीत काही निघालं नाही.” मी त्यांना रिपोर्ट वाचायला लावला. त्यात आहे, ‘नमुना अपुरा’. म्हणजे गाठ चांगली की वाईट, हे कळलंच नाही. दोघांपैकी एकालाही डॉक्टरांना विचारावंसं वाटलं नाही?

आमच्या लॅबमध्ये नवीन मशीन आलंय. सुईने काढलेला नमुना बाटलीतल्या द्रवात घालतात. मशीन त्यातलं रक्त बाजूला काढतं आणि पेशी काचेवर पातळ पसरवतं. परवा एका बाईंचा असाच फुकट गेलेला नमुना पुन्हा घेतला. कॅन्सर निघाला, पण वेळेत.

मला काळजी नको म्हणून सांगितलं नाहीस म्हणे. मग मी इथे काय शोभेला बसलेय?

आमच्या डॉक्टरांकडे सोमवारची वेळ घेतलीय. आली नाहीस तर येऊन ओढत आणीन. धाकटीचा खोकला थांबला का? तिला भाऊजी सांभाळतील.

तुझी बाटली मशीनमध्ये मीच लावणार. दुसऱ्या कुणाला लावू देणार नाही.

तुझ्यावर भयंकर चिडलेली,
तुझी बहीण