उम्म खालिदच्या खिडकीखालचं वाळवंट

६ डिसें., शुक्रवार
झुडपं आणली. हात सोललेत, कंबर वेगळी बोलतेय. तरी लिहायला बसले.

अबू खालिद नर्सरीत आला तेव्हा आम्हाला वाटलं, म्हाताऱ्याला बोगनवेल हवी असेल. त्याला हवं होतं वाळवंट. इथल्या अरब घरांसारखा दर हिवाळ्यात सखीरच्या वाळवंटात त्यांचाही तंबू पडतो. यंदा बायको, उम्म खालिद, खुबा मोडून हॉस्पिटलात. "वो टेंट में नहीं जा सकती, तो टेंट का जंगल घर में लाओ." शहरात, बुसैतीनच्या घरी, तिच्या खिडकीखाली. जानेवारीत ती घरी येईल, त्याच्या आत झुडपं जगलेली हवीत. मालक हसला आणि काम माझ्या गळ्यात घातलं. मी खाऱ्या जमिनीच्या गावची, हे त्याला कधीतरी सांगून बसले होते.

सखीरला रस्ता रुंद होतोय, त्या पट्ट्यातली परवानगीने काढली. बरीचशी हरम: जाडसर, मण्यांसारखी पानं, चावलं तर खारट. बाकी रम्थ, नुसत्या करड्या काड्या, पान म्हणून नाहीच. गुडघ्याएवढी सगळी, एकमेकांना जागा सोडून उभी. मातीवर खाराचा पांढरा थर, पाय पडला की पापडासारखा मोडतो.

नवऱ्याने, विलासने, सुट्टीचा दिवस दिला, कुदळ मारली, एकदाही कुरकुर नाही. सीफच्या ऑफिसात, एसीत बसून आकडे लिहिणारा माणूस. देवा, याला असाच ठेव.

८ डिसें.
लावली. अंगण समुद्र बुजवलेल्या भरावाचं, सगळं खार. बाबांना फोन केला. खारेपाटात जन्म गेला त्यांचा. ऐकलं आणि एकच म्हणाले, "बाय, पयले खार धू, मंग बाकीचा बघ."

लहानपणी तेच पाहिलं. बांध घालायचा, पावसाचं पाणी शेतात कोंडायचं, खार विरघळला की उघाडीतून, बांधाच्या दारातून, सोडून द्यायचं. मग भात. इथे पाऊस कुठला, म्हणून गोड्या पाण्याचा टँकर मागवला. प्रत्येक झुडपाला आळं, आळ्याला बांध, दोन पाणी दिली. वर थोडं शेणखत. अबू खालिद दारात उभा राहून बघत होता. "इतना पानी?" म्हणाला. मी म्हटलं, अंकल, आमच्याकडे असंच करतात. मान डोलावून आत गेला. भला माणूस.

१९ डिसें.
हरम टरारलीय. पानं फुगून काचेसारखी झालीत. फोटो काढून बाबांना पाठवला, मालकाला पाठवला, ज्याला त्याला पाठवला. सईला दाखवला तर, "आई, दे आर जस्ट बुशेस." बारावीचं वर्ष, तिला सगळंच जस्ट. पण मग स्वतःच फोन घेऊन मोठा करून बघितला.

आज तिसरं पाणी.

२९ डिसें.
दोन पिवळी. थंडीने असेल.

२ जाने.
थंडीने नाही.

एक हरम हाताने ओढली तर अलगद वर आली. मुळं काळी, वास गटारासारखा. पानं ओंजळभर गळून पडली, आत नुसतं पाणी.

नर्सरीतलं काम अर्धं टाकून सखीरला गेले. एकटीच. तंबूंच्या ओळी संपल्या तिथे उतरले आणि मातीत बसले. पांढऱ्या थरातून हरम वर आलेली, खुशाल. कोणी बांध घातला नव्हता. भाताला मीठ नको असतं. हिला चालतं, कदाचित हवंच असतं, हे मी चावून बघूनही माझ्या टाळक्यात शिरलं नाही. सहा महिने कोरडं राहणाऱ्या झाडाला मी पाहुण्याला आग्रह करावा तसं वाढत राहिले. बाबांची चूक नाही, ते भाताबद्दल बोलत होते.

परत येऊन सगळे बांध मोडले. शेणखत खरवडून काढलं. टँकर बंद. अबू खालिदला सांगितलं: अंकल, माझ्या हातून मेली, बाकीची वाचतील का माहीत नाही. त्याने खुर्ची पुढे केली. मग, "चाय पिओ." रागावला असता तर बरं झालं असतं.

९ जाने.
आणखी गेली. रम्थ सगळी वाळली बहुतेक. नवी आणावी तर रस्त्याचा पट्टा सपाट झाला, आणि इतरत्र हात लावायची परवानगी नाही. म्हणजे जी आहेत तीच.

झोप नाही. विलास म्हणाला, "तू काय त्या बाईचा खुबा मोडलास का?" नाही. पण तिची खिडकी माझ्याकडे होती.

१४ जाने.
संक्रांत. उम्म खालिद काल घरी आली. आज तिळगूळ घेऊन गेले, काळी साडी नेसून. नेसताना वाटलं, शोभतेय, सुतकालाच चाललेय.

पलंग खिडकीशी लावलाय. बाई एवढीशी, डोळे मात्र जागे. मी सांगायच्या आत तिनेच विचारलं, "ये सब तुम लाया?" हो म्हटलं, आणि सगळं सांगून टाकलं: टँकर, बांध, मुळांचा वास. हिंदी अडखळत होती, रडू यायला लागलं. तिने तिळगूळ तोंडात टाकला, चावत राहिली, कठीण होता बिचारीला.

मग म्हणाली, "बिन्ती, मेहमान आता है, तो हम तीन दिन उसको कुछ नहीं पूछता. क्यों आया, कब जाएगा, कुछ नहीं. तुम पहला दिन से पूछता है, पानी? पानी? पानी?" आणि हसली. हसताना दुखलं तिला, तरी हसली.

बिन्ती म्हणजे माझी लेक. आईला जाऊन चार वर्षं झाली. त्यानंतर मला असं कोणी म्हटलं नव्हतं.

तिळगूळ घ्या, गोड बोला, हे तिला हिंदीत सांगितलं. तिने अबू खालिदकडे बोट दाखवलं: "इसको बोलो."

२४ जाने., शुक्रवार
बोलावणं आलं, सगळ्यांना घेऊन ये. सई चक्क आली.

उम्म खालिदने मेलेली रम्थ काढायला लावली. मला वाटलं, फेकायची. नाही. अंगणात पत्र्याची शेगडी, त्यात रम्थच्या काड्या, वर काळी किटली. सखीरला हीच जाळतात, म्हणाली, पडलेली, सुकलेली. खिडकी सताड उघडी. धूर आत गेला तशी तिने डोळे मिटले. अबू खालिद दोनदा विचारायला गेला, धूर लागतोय का, बंद करू का. "खलास, अबू खालिद, बैठो." तो बसला.

चहा गोडमिट्ट, त्याला धुराचा वास. सईने दोन पेले घेतले. गाडीत म्हणाली, "आई, शी वॉज लाइक, इन द टेंट." मी हो म्हटलं.

माझ्या हातून मेलेल्या झाडांवर उकळलेला चहा. त्यांनी तो सगळ्यांच्या आधी मला दिला. देवा, तुझी ही माणसं. मी काय म्हणून याला लायक ठरले, कळत नाही, पण घेतलं.

७ मार्च
रमजान. दुपारी गेले, तेव्हा घर झोपलेलं. उरलीत हरम चार. दोन हिरवी, छोटी छोटी पानं, फुगलेली नाहीत. मातीवर पांढरं पुन्हा दिसायला लागलंय, पापडी धरतेय. एक गेल्यात जमा. चौथी कळत नाही. सगळी काडी, पण लवते, मोडत नाही. नखाने साल जरा खरवडली की आत हिरवं आहे का ते लगेच कळलं असतं.

उम्म खालिद वॉकरवर दारापर्यंत येते आता. डॉक्टर म्हणतात, उन्हाळा गेला की बघू. ती म्हणते, पुढच्या हिवाळ्यात मी तंबूत, आणि ही झुडपं माझ्याबरोबर. "मेहमान है, घर तो जाएगा. इंशाल्ला." अबू खालिद मान वळवतो तेव्हा.

आज ती खिडकीशी जागी होती. मी चौथ्या झुडपाजवळ वाकले, तर आतून काचेवर टकटक.

नख मागे घेतलं. तिथेच पायरीवर बसले थोडा वेळ. ती आत, मी बाहेर. झुडपाला काही विचारलं नाही.