दवाखान्यात चढणारा दाब

प्रिय आत्याबाई,

तुमच्या सुनेला पत्र लिहिता येतं, हे तुम्हाला खरं वाटलं नसतं. कॉलनीत दुपारी बायकांचा वर्ग भरतो. परवा बाईंनी सांगितलं, "आपल्या माणसाला पत्र लिहून आणा." सगळ्यांनी माहेरी लिहिलं. मला तुम्ही आठवलात. तुम्हाला जाऊन वर्ष होत आलं, पण माझं बोलायचं राहिलंय ते राहिलंयच.

चाकणकडचं गाव सोडून तुम्ही आमच्याकडे पिंपरीला आलात, ते दिवस आठवतात का? ह्यांना औषधांच्या नव्या कारखान्यात काम लागलं होतं, दोन खोल्या मिळाल्या होत्या. तुमच्या पायात काटा मोडला म्हणून मी तुम्हाला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी काटा काढला आणि दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजला. एकशे नव्वद. "मीठ बंद," म्हणाले.

दोन वर्षं मी तुम्हाला अळणी घातलं. भाकरीत मीठ नाही, कालवणात नाही, लोणच्याची बरणी तर कुलपात. तरी दर महिन्याला मोजायला नेलं की दाब चढलेलाच. मला वाटायचं, तुम्ही चोरून मीठ खाता. एकदा मी तुमचं अंथरूणसुद्धा झाडून पाहिलं. काही सापडलं नाही, तरी बोललेच, "आत्याबाई, खरं सांगा." तुम्ही अंथरुणाची घडी परत घातलीत. रागावला का नाहीत तेव्हा? चार शब्द बोलला असतात तर आज मला हलकं वाटलं असतं.

मग एका दुपारी शेजारच्या नर्सबाई, कोकणातल्या कुसुमताई, ती मोजायची पेटी घेऊनच घरी आल्या. तुम्ही उन्हात बसून शेंगा फोडत होता. "आजी, हात द्या बघू." पारा एकशे तीसवर. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच.

"मग दवाखान्यातच काय होतं तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

तुमचे हात थांबले. "त्यो पांढरा कोट दिसला की मला माजी चंद्रा दिसती," तुम्ही म्हणालात. "पाच वर्साची व्हती. ताप हटंना म्हून पुण्याला इस्पितळात न्हेली. कोटवाल्या डाक्टरनं माज्या हातातनं घेतली, म्हनला, बाई, भाईर बस. मी बसले. मागारी दिली ती चादरीत गुंडाळून."

माझ्या लग्नाला बारा वर्षं झाली होती. ह्यांच्या आधी तुम्हाला मुलगी होती, हे मला ठाऊक नव्हतं. ह्यांनाही नव्हतं. "त्यो तवा पोटात व्हता," एवढंच म्हणालात आणि परत शेंगा फोडायला लागलात.

आणि मी दर महिन्याला तुम्हाला एकटीला आत पाठवत होते. आत्याबाई, एकदा तरी म्हणायचं होतंत, सूनबाई, तूबी चल.

कुसुमताईंनी आकडे दाखवले तेव्हा डॉक्टर हसले नाहीत. "मला बघूनच चढतो त्यांचा दाब. मीठ द्या त्यांना," म्हणाले. त्या दिवशी मी वांग्याचं कालवण केलं. पहिला घास घेऊन तुम्ही काय म्हणालात? "सून सासूला अळणी घालती म्हनायच्या बाया. माज्यापायी तुला बोल लागला गं." मी तुमच्यावर संशय घेतला होता, आणि तुम्हाला माझीच काळजी.

पुढे सुगीला म्हणून गावी गेलात आणि तिकडेच झोपेत गेलात. मला तुमचं तोंडही नीट बघता आलं नाही.

आता भाकरी थापताना तुमच्याशी मनातल्या मनात बोलत असते. चंद्रा दिसायला कशी होती? ह्यांच्यासारखी कुरळ्या केसांची? तुम्हाला काय म्हणून हाक मारायची? त्या दुपारीच विचारायला हवं होतं. वाटलं, तुम्हाला त्रास नको. तुम्ही मात्र कुणी विचारेल म्हणून इतकी वर्षं वाट बघत होता का?

ह्यांना सांगू नको, असं तुम्ही कधी म्हणाला नाहीत. मीच गप्प राहिले. रविवारी ह्यांना सुट्टी असते. जेवणं झाली की मुलांनाही जवळ बसवीन आणि ह्यांना सांगीन, तुम्हाला एक थोरली बहीण होती. तिचं नाव चंद्रा.

तुमची सून,
हौसा